टीचभर आत सरकलेली रेघ

दाजींकडे एक पट्टी होती. लाकडाची, बरोब्बर वीस सेंटीमीटर लांब, झिजू नये म्हणून दोन्ही टोकांना पितळ ठोकलेलं. घरात या पट्टीला कुणी हात लावायचा नाही असा दंडक होता. धाकट्या लेकीने लहानपणी एकदा तिच्यावर बाहुली निजवली, तर दाजींनी दोन दिवस अबोला धरला. लेकीशी नव्हे, बायकोशी. लेकीवर रागवायची त्यांची छाती नव्हती.

वीस सेंटीमीटरच्या लाकडाचं एवढं काय कौतुक, असं कुणालाही वाटेल. तर ऐका. दाजी सायकल शर्यतीच्या ट्रॅकवर कामाला होते. देशात असा ट्रॅक एकच. वळणांवर भिंतीसारखा चढत गेलेला सिमेंटचा गोल रस्ता, तीन फेऱ्या मारल्या की एक किलोमीटर. पण गोल रस्त्याची गंमत अशी, की आतून फेरी मारली तर अंतर कमी भरतं आणि बाहेरून मारली तर जास्त. मग खरं कुठलं धरायचं? म्हणून नियम असा आहे की आतल्या कडेपासून वीस सेंटीमीटर सोडून एक काळी रेघ मारायची. त्या रेघेवरून जेवढं भरेल तेवढं खरं. शर्यतीतला गडी तिला चिकटूनच सायकल हाणतो, कारण तोच सगळ्यांत जवळचा रस्ता. रेघेच्या आत उतरायला बंदी.

ती रेघ चौतीस वर्षं दाजींनी मारली. मोसम सुरू व्हायच्या आधी गुडघ्यांना पोत्याचे तुकडे बांधून ते बसत. पट्टी कडेला टेकवायची, वरच्या टोकाशी खडूची खूण करायची, पाऊलभर सरकायचं, पुन्हा टेकवायची. अशा आठशे खुणा. मग दोरी, मग रंग. तीन दिवस लागत आणि चौथ्या दिवशी त्यांना खाटेवरून उठवायला बायको लागे. टेप वापरा म्हणून किती जणांनी डोकेफोड केली. टेप ताणला जातो, ते म्हणायचे, पट्टी काही खोटं बोलत नाही.

दाजी हे नाव त्यांना मेहुण्यामुळे पडलं. हा बायकोचा धाकटा भाऊ पंधराव्या वर्षी पत्र्याची पेटी घेऊन त्यांच्याकडे राहायला आला, ट्रॅकच्या भिंतीला लागून असलेल्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये. उंच, काटकुळा, दोन पायऱ्या सोडून तिसरीवर पाय टाकणारा. पोरांनी त्याचं नाव ढांग्या ठेवलं. तो बहिणीच्या नवऱ्याला दाजी म्हणे, म्हणून ट्रॅकवरची पोरं म्हणू लागली, मग प्रशिक्षक, मग पेपरवाले. ज्यांच्या बहिणींना यांनी जन्मात पाहिलं नव्हतं तेही दाजी म्हणत. बायको म्हणायची, "माझ्या आईला एवढी मुलं कधी झाली, मला पत्ताच नाही."

ढांग्याला एक खोड होती, मोजायची. जिने मोजी, घास मोजी, नळाखाली बादली किती आकड्यांत भरते ते मोजी. दाजी चिडवत, "आज किती वेळा श्वास घेतलास रे?" आणि तो खरंच आकडा सांगे. ट्रॅकच्या सायकलला फ्रीव्हील नसतं. चाक फिरतंय तोवर पायडल फिरतंच, पाय थांबवायची सोय नाही. त्यामुळे एका फेरीत आपला उजवा पाय किती वेळा खाली गेला, हे ढांग्याला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. ही खोड लक्षात असू द्या.

हा काटकुळा पोरगा सत्ताविसाव्या वर्षी देशाचा लाडका झाला. त्याआधी देशाचं सायकलिंग म्हणजे सगळा आनंदच होता. चार जण बाहेर पाठवायचे, चौघे सर्दी घेऊन परत यायचे. ढांग्या उतरला तो एका तासाच्या विक्रमाला. एकट्याने, एका तासात, किती अंतर कापता येतं बघायचं. पुढे कुणी नाही, मागे कुणी नाही, ती काळी रेघ आणि घड्याळ. अख्ख्या खंडाचा विक्रम होता सेहेचाळीस किलोमीटर आणि एकशे बावीस मीटर. ढांग्याने केले सेहेचाळीस किलोमीटर आणि दोनशे दहा. अठ्ठ्याऐंशी मीटर जास्त. लोकांनी कुंपणं मोडली. आनंदाच्या भरात त्याची सायकल खांद्यावर घेऊन नाचले आणि त्यालाच विसरले. तो बिचारा घेरी येऊन दाजींच्या मांडीवर पडला होता. दाजी रडत होते. आपल्या हातच्या रेघेवरून आपला मेहुणा खंडात पहिला आला, याहून जास्त माणसाने काय मागावं?

या विक्रमाच्या चार महिने आधी ट्रॅकवर सिमेंटचा नवा थर चढवला होता. कंत्राटदाराने घाईघाईत उरकला. नवा थर दिला की मोजणीदार बोलावून ट्रॅक पुन्हा मोजून घ्यायचा असतो. संघटनेच्या चिटणीसांनी कागदावर 'लांबी पूर्वीप्रमाणे' असं लिहिलं, खाली सही ठोकली आणि मोकळे झाले. दाजींनी नेहमीसारखी पट्टी कडेला टेकवली. आठशे खुणा, दोरी, रंग. तेव्हा यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही.

पुढे देशाला सायकलचं वेड लागलं. संघ उभे राहिले, शाळाशाळांतून पोरं निवडून आणली. घरच्या ट्रॅकवर त्यांची वेळ बघावी तर तोंडात बोटं घालायची पाळी. आणि हीच पोरं बाहेर गेली की शेवटच्या दोन फेऱ्यांत फुटायची. दर वर्षी, दर स्पर्धेत. बारापैकी दहा फेऱ्या वाघासारखी पळायची आणि अकराव्या फेरीला पाय शिशाचे. अर्ध्या सेकंदाने बाद, पाव सेकंदाने बाद. 'शेवटच्या दोन फेऱ्या' हा देशाचा रोगच ठरला. एक प्रशिक्षक म्हणाला, खाणं बरोबर नाही. त्याला काढलं. दुसरा म्हणाला, मन कच्चं आहे. त्यालाही काढलं. एका डॉक्टरने तर लांबलचक लेख लिहून सिद्ध केलं की या देशातल्या माणसांची फुप्फुसंच लहान. लोकांनी तो वाचला आणि मान डोलावली.

मग उरलं काय? ढांग्याचा आकडा. बाहेरच्या कितीतरी लोकांनी तो मोडायचा प्रयत्न केला. सहा वर्षांपूर्वी परदेशातला एक गडी, पेशाने पोस्टमन, अवघ्या नऊ मीटरने हुकला. त्याने पुन्हा सायकलला पाय लावला नाही, असं पेपरात आलं होतं. ते वाचून दाजींनी अख्ख्या ट्रॅकवर पेढ्याशिवाय आनंद वाटला, म्हणजे दिसेल त्याला थांबवून बातमी सांगितली.

ढांग्याने मात्र विक्रमानंतर वर्षभरात सायकल सोडली. एकदाच मोठ्या स्पर्धेला बाहेर गेला, आठवा आला, परत आल्यावर पंधरा दिवसांत म्हणाला, गुडघा गेला. पाणीपुरवठा खात्यात मीटर वाचायची नोकरी धरली. त्यानंतर ट्रॅकच्या दारात पाऊल नाही. सत्काराला बोलावलं, नाही. पोरांना दोन शब्द सांगायला बोलावलं, नाही. गुडघा म्हणावा तर पठ्ठ्या दिवसाला दोनशे जिने चढायचा. एके दिवशी जेवताना दाजींचा तोल सुटला. बायको, दोन्ही मुली समोर असताना ते म्हणाले, "तू पळपुटा आहेस. एकदा हरलास आणि शेपूट घातलीस." बायको रडायला लागली. ढांग्या मान खाली घालून जेवत राहिला. त्यानंतर दोघांत बोलणं होतं ते हवापाण्याचं.

अशी अठरा वर्षं गेली. दाजींच्या निवृत्तीला महिना उरला होता आणि देशाला एक नवा गडी सापडला होता. सव्वीस वर्षांचा, बेकरीत पहाटेची पाळी करून सरावाला येणारा. सगळे त्याला पाववाला म्हणत. हा पाववाला ढांग्याचा तासाचा विक्रम मोडणार, तोही इथेच, असं ठरलं. या वेळी आंतरराष्ट्रीय शिक्का हवा होता, म्हणून ट्रॅक नव्याने मोजायला एक मोजणीदार बाई आली. तिशीतली, डोक्यावर टोपी, तीन पायांचं यंत्र. दोन दिवस ती गुमान काम करत होती. तिसऱ्या दिवशी दुपारी तिने दाजींना हाक मारली.

"काका, ही रेघ कोण मारतं?"

"मीच. चौतीस वर्षं झाली," दाजी म्हणाले. कौतुकच ऐकायला मिळणार, अशी त्यांची खात्री होती.

"कमी भरतेय. फेरीला जवळजवळ मीटरभर."

दाजी हसले. "तुमचं यंत्र एकदा तपासून घ्या, बाई."

"तीनदा तपासलं."

ती त्यांना वळणाखालच्या गटाराच्या तोंडाशी घेऊन गेली. तिथे सिमेंटच्या थराचा कपचा उडाला होता. बाईने स्क्रू ड्रायव्हरने आणखी थोडा उकरला. खाली जुना ट्रॅक दिसायला लागला आणि त्या जुन्या ट्रॅकवर एक काळा पट्टा. दाजींनी तो लगेच ओळखला. आपल्या हातची रेघ माणूस विसरतो थोडाच. पण ती आताच्या रेघेच्या खाली असायला हवी होती आणि ती होती बरीच वर, बाहेरच्या अंगाला.

दाजींनी खिशातून पट्टी काढली. नवी कड ते नवी रेघ, बरोबर वीस. जुनी कड ते जुनी रेघ, बरोबर वीस. पट्टी खरंच खोटं बोलत नव्हती. कंत्राटदाराने कड ढासळू नये म्हणून नवा थर जुन्या कडेच्या पुढे वाढवून ओतला होता, आणि दाजी इमानेइतबारे त्या वाढलेल्या कडेला पट्टी टेकवत आले होते. दोन रेघांच्या मध्ये त्यांनी अंगठा आणि तर्जनी ताणून ठेवली. टीचभर. पंधरा सेंटीमीटर.

ते गटाराच्या काठावर बसले.

"काका, पाणी देऊ?" बाई म्हणाली. "घाबरू नका हो. रंगाचंच काम आहे, दोन-तीन दिवसांत होईल. कधीपासून आहे हे असं?"

"बघावं लागेल," दाजी म्हणाले. आयुष्यात ट्रॅकबद्दल ते पहिल्यांदाच खोटं बोलले. थर कधी पडला हे त्यांना तारखेनिशी पाठ होतं.

बाई निघून गेली तरी ते तिथेच बसून होते. फेरीला मीटरभर कमी, म्हणजे तासाच्या एकशे अडतीस फेऱ्यांना एकशे तीस मीटर कमी. त्यांनी बोटाने सिमेंटच्या धुळीत वजाबाकी केली, पुसली, पुन्हा केली. ढांग्या सेहेचाळीस किलोमीटर दोनशे दहा मीटर गेलाच नव्हता. तो गेला होता सेहेचाळीस आणि ऐंशी. जुना विक्रम होता सेहेचाळीस एकशे बावीस. म्हणजे विक्रम मोडलाच नव्हता. कुंपणं मोडली, लोक नाचले, आपण रडलो, आणि झालं काहीच नव्हतं.

आणि मग त्यांना ती पोरं आठवली. पोरं इथे आखूड फेरीवर तयार व्हायची. फेरीला किती सेकंद लावायचे ते त्यांच्या पायांत भरलेलं असायचं. तेच सेकंद धरून ती बाहेरच्या पुऱ्या फेरीवर पळायची, म्हणजे पहिल्यापासून झेपेल त्यापेक्षा जोरात, आणि शेवटच्या दोन फेऱ्यांना तेल संपायचं. कसलं खाणं, कसलं मन, कसली फुप्फुसं. देशाचा रोग दाजींच्या खिशात होता. पितळ ठोकलेला.

ते घरी आले तेव्हा बायको मशीनवर पाववाल्याच्या पाठीवरचा नंबर शिवत होती. ट्रॅकवरचे सगळे नंबर तीच शिवायची. दाजींनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तिने मशीन थांबवलं.

"भावाला माहीत आहे?" तिने विचारलं.

"त्याला कसं माहीत असेल? मलाच आज कळलं."

"मग उठा आणि जा. पेपरात वाचायची वेळ त्याच्यावर आणू नका. त्याचं एवढं एकच आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत दाजी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत गेले. लांबट खोली, भिंतीला गंजक्या मीटरांचा ढीग, शेवटच्या टेबलाशी ढांग्या आकडे उतरवत बसलेला. कानशिलं पांढरी झालेली, ढांगा मात्र टेबलाखाली मावत नव्हत्या. दाजींनी रात्रभर वाक्यं जुळवली होती, ती सगळी ते विसरले.

"रेघ चुकली रे," ते म्हणाले. "तुझ्या विक्रमाच्या आधीपासून. टीचभर आत होती."

ढांग्याने पेनला टोपण लावलं. "पंधरा सेंटीमीटर," तो म्हणाला. "फेरीला चौऱ्याण्णव."

दाजींनी त्याला सेंटीमीटरचा आकडा सांगितलाच नव्हता.

"बसा दाजी."

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मोजलं." ढांग्या हळू बोलत होता, शेजारच्या टेबलावर कुणी नव्हतं तरी. "विक्रमानंतर बाहेर गेलो ना, तिथला ट्रॅक आपल्याएवढाच. सायकल तीच, गियर तोच. पण आठ फेऱ्यांना पायडल एक जास्त पडायला लागलं. आधी टायरवर संशय घेतला, दोनदा बदलला. तरी एक जास्त. परत आलो तेव्हा तुम्ही तापाने पडला होतात. सकाळी टेप घेऊन गेलो. गटाराच्या तोंडात वाकून बघितलं की दोन्ही कडा दिसतात."

"आणि गप्प बसलास."

"ताईच्या दोन्ही मुली शाळेत होत्या. क्वार्टर ट्रॅकचं. सही करणाऱ्याला कुणी काही केलं नसतं दाजी, रेघ मारणाऱ्याला धरलं असतं. म्हटलं, आपण बाजूला व्हावं. खोटा आकडा घेऊन त्या रेघेवर पुन्हा चढवेना."

दाजींच्या डोक्यात सणक गेली. गुडघा नव्हता, माज नव्हता, शेपूट घालणं नव्हतं. अठरा वर्षं आपण या माणसाच्या जिवावर घर चालवलं आणि वर त्यालाच सुनावलं. पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"माझ्यावर उपकार करायला तुला कुणी सांगितलं होतं? मला विचारलंस? मी सांगितलं असतं सगळ्यांना, माझी चूक मी निस्तरली असती. पोरं बाहेर जाऊन फुटत होती आणि तुला कारण माहीत होतं."

"हो."

"हो काय?"

"पहिलं वर्ष तुमच्यासाठी गप्प बसलो," ढांग्या म्हणाला. "पुढची माझ्यासाठी. लोक रस्त्यात थांबवून हात मिळवायचे. मीटर वाचायला गेलो तर म्हाताऱ्या माणसांनी पोरांना बाहेर बोलवावं, बघा रे कोण आलंय. सोडवेना दाजी. पोरं हरली की मी पेपर पालथा घालून ठेवायचो. तो पोस्टमन नऊ मीटरने हुकला त्या दिवशी मात्र घास उतरला नाही. त्याची रेघ खरी होती. विक्रम त्याचा होता."

दाजींनी खुर्ची ओढली आणि ते बसले. म्हणाले, "मी तुला पळपुटा म्हणालो होतो. तेव्हा तरी बोलायचंस."

"ताई रडत होती," ढांग्या म्हणाला. "मी घास मोजत होतो."

तिथून दाजी तडक चिटणीसांकडे गेले. हो, तेच चिटणीस, अजून खुर्चीला चिकटून. दाजींनी दोन पानी अर्ज लिहून आणला होता, थर कधी पडला, रेघ कशी सरकली, विक्रम का खोटा. चिटणीसांनी वाचला. चेहरा उतरला, पण क्षणभरच.

"या वर्षी रंगवताना चूक झाली, असं लिहू," ते म्हणाले. "बाईंना तारखेशी काय करायचंय?"

"चूक एकोणीस वर्षांची आहे, साहेब."

"दाजी, देशाकडे सायकलिंगचा एकच आकडा आहे. तोही पुसायचा? लोकांना तोंड काय दाखवायचं? आणि तुम्ही पुढच्या महिन्यात निवृत्त होताय, सत्काराची शालसुद्धा आणून ठेवली आहे." अर्ज त्यांनी ड्रॉवरमध्ये टाकला आणि ड्रॉवरला किल्ली लावली.

दाजी परत आले. पुढचे चार दिवस त्यांनी चुकलेली रेघ तासून काढली, वाढीव कडेपासून पस्तीस सेंटीमीटरवर नवी मारली. या वेळी बाईचं यंत्र आधी, पट्टी नंतर. बाईने पाववाल्याला फेरीचे नवे सेकंद काढून दिले. त्याचं तोंड बारीक झालं, पण तो ते पाठ करू लागला. दाजी कुणाशी बोलेनात. आपण तोंड उघडलं तर मेहुण्याचं नाव मातीत जाणार, नाही उघडलं तर उरलेलं आयुष्य ती शाल पांघरून बसायचं.

पाववाल्याच्या विक्रमाच्या दिवशी सकाळपासून गर्दी. ट्रॅकवर एक रीत होती, आव्हान देणारा निघायच्या आधी जुन्या विक्रमवीराने आपला आकडा स्वतःच्या हाताने मोठ्या फळ्यावर लिहायचा. चिटणीसांनी ढांग्याला दर वेळेसारखं नावापुरतं आमंत्रण पाठवलं होतं. आणि ढांग्या चक्क आला. त्याने ट्रॅकच्या दारातून आत पाऊल टाकताच लोक उभे राहिले. दाजी रेघेजवळ उकिडवे बसले होते, ते उठायचेसुद्धा विसरले.

कुणीतरी हौसेने फळ्यावर आधीच ४६.२१० असं फिक्या खडूने रेखून ठेवलं होतं, ढांग्याने नुसतं गिरवायचं. त्याने ओल्या फडक्याने ते पुसलं. आणि लिहिलं ४६.२०१, पुढे 'पोस्टमन'. त्याच्याखाली, जरा लहान अक्षरांत, ४६.०८०, पुढे 'मी'.

आधी लोकांना वाटलं, चुकला. मग कुजबुज सुरू झाली. चिटणीस धावत आले. ढांग्याने माइक घेतला आणि सरळ सांगितलं, विक्रमाच्या दिवशी ट्रॅक आखूड होता, मला वर्षभरात कळलं होतं, मी सांगितलं नाही. तो नऊ मीटरने हुकलेला गडी हुकलेला नव्हता. एवढंच बोलून त्याने माइक खाली ठेवला.

अख्खं मैदान चिडीचूप. म्हातारी माणसं एकमेकांची तोंडं बघत होती. मागून कुणीतरी शिवी हासडली, कुणीतरी त्याला गप्प केलं.

"काहीतरी बोलू नका," चिटणीस माइकवर म्हणाले. "ट्रॅक आखूड होता म्हणे. कुणी मोजलं? पुरावा काय?"

दाजी उभे राहिले. गुडघे कडकड वाजले. पट्टी हातातच होती.

"रेघ माझी होती," ते म्हणाले. माइक नव्हता, पण एवढ्या शांततेत माइकची गरजही नव्हती. "तेव्हाची चुकलेली माझी. आजची बरोबर आहे तीही माझीच. अर्ज साहेबांच्या ड्रॉवरमध्ये आहे."

बाई आपल्या यंत्राजवळून म्हणाली, "काका बरोबर सांगतायत. जुनी रेघ अजून तिथे गटाराशी दिसते. कुणालाही येऊन बघता येईल."

दाजींची बायको सुरुवातीच्या रेघेजवळ पाववाल्याच्या पाठीवर नंबर टाचत होती. चार पिना लागतात. तिने तिसरी लावली, डोळे पुसले, चौथी लावली. पाववाल्याने मान वळवून फळ्याकडे बघितलं आणि विचारलं, "मग मला सेहेचाळीस दोनशे एकच्या वर जायचंय ना?"

"हो," ढांग्या म्हणाला. "गियर कोणता लावलायस?"

पाववाल्याने सांगितला. ढांग्याने मनातल्या मनात काहीतरी हिशेब केला आणि खाली उतरून दाजींशेजारी येऊन उभा राहिला. अठरा वर्षांनी. दोघं एकमेकांकडे बघत नव्हते. पिस्तूल वाजलं, पाववाला निघाला आणि पहिल्या वळणाआधीच रेघेला चिकटला.

बाकं निम्मी रिकामी झाली होती. लोक उठून चालले होते, काही जण मुद्दाम या दोघांच्या जवळून गेले, बोलले नाहीत. दाजींनी विचारायचं ठरवलं होतं की मी कचेरीत यायच्या आधीच तू हे ठरवलं होतंस का. पण ढांग्याचे ओठ हलत होते, म्हणून ते थांबले. सायकल समोरून जात होती, पुन्हा येत होती. पाववाल्याचा उजवा पाय खाली गेला की ढांग्याचा अंगठा बोटाच्या पुढच्या पेरावर सरकत होता.

आठवी फेरी पुरी झाली. ढांग्याने मूठ उघडली.

"आठ फेऱ्यांना एक जास्त. रेघ बरोबर आहे, दाजी," तो म्हणाला.

दाजींनी मान हलवली. अजून एकशे तीस फेऱ्या बाकी होत्या.